बेटाचा बेत

बेत आखण्यात जे सुख आहे ते बेत तडीस नेण्यात नाही, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. आणि या मताचा ताप आमच्या घरच्या मंडळींनी गेली तीस वर्षे निमूटपणे सोसला आहे. काश्मीर, रामेश्वर, हंपी, दार्जिलिंग, इतकेच काय पण वर्ड्‌स्वर्थचा सरोवरांचा प्रांतसुद्धा आम्ही एका निळ्या वहीत अथपासून इतिपर्यंत पाहून आलो आहो. कोणती गाडी किती वाजता सुटते, कोणत्या धर्मशाळेत ऊन पाणी मिळते, कोणत्या महिन्यात जळवा फार असतात, हे सारे त्या वहीत टिपलेले आहे. दर वर्षी बेत पक्का होतो, आणि दर वर्षी विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन थडकतात. "तुमच्या वहीत आपले सगळे जग हिंडून झाले," असे आमच्या सौभाग्यवती म्हणतात. पूर्वी त्या हे हसत म्हणत असत.

गेल्या जानेवारीत आमच्या कन्येचे पत्र आले. ती व जावईबापू अमेरिकेत, फ्लॉरिडा राज्यातील टॅम्पा शहरी, अकरा वर्षांपासून राहतात. पत्रात लिहिले होते, "बाबा, या उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही दोघे इकडे या. आपण सगळे मिळून पंधरा दिवस सॅनिबल बेटावर राहू. बेत मात्र तुम्हीच आखायचा." मुलीस बापाचे मर्म बरोबर ठाऊक असते. नुसते 'या' असे तिने लिहिले असते, तर आम्ही उत्तरपत्रिकांचे नाव पुढे करून मोकळे झालो असतो. परंतु बेत आखण्याचे निमंत्रण आमच्याने नाकारवले नाही. त्याच रात्री जेवण आटोपून आम्ही निळी वही उघडली. पत्राच्या शेवटी एक ताजा कलम होता. तो आम्ही घाईघाईने वाचला व बाजूस सारला. त्याकडे आम्हांस पुढे यावयाचेच आहे.

नकाशात पाहिले तर सॅनिबल हे फ्लॉरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापाशी, मेक्सिकोच्या आखातात, धनुष्यासारखे वाकून पडलेले बेट आहे. लांबी सुमारे बारा मैल. रुंदी मोठ्यात मोठी तीन मैल. अक्षांश म्हणाल तर जवळजवळ आपल्या कानपूरचा, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडा वर. परंतु चहूंकडून उबदार पाणी असल्यामुळे तेथे ना कानपूरची लू, ना कानपूरची थंडी. बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जंजिरा उभा राहतो: खडक, तट आणि तोफा. सॅनिबल त्या जातीचे नव्हे. लाटा आणि प्रवाह यांनी वाळू व शिंपले आणून किनाऱ्यापुढे जो लांबट बांध रचला, तेच हे बेट. मागच्या भूमीवर येणारा समुद्राचा मारा ते आपल्या अंगावर घेते. वय पाच-सहा हजार वर्षांचे. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ते अद्याप पाळण्यात आहे. आणि पाळण्यातील पोराप्रमाणे ते स्वस्थही पडून राहत नाही. एका टोकाची वाळू जाते, दुसऱ्या टोकास येऊन पडते. शेजारचे कॅप्टिव्हा बेट १९२१ सालच्या वादळाने मधोमध चिरले, आणि तेव्हापासून त्याची दोन बेटे झाली ती झालीच. सॅनिबल आणि कॅप्टिव्हा यांच्या मधली खाडी कधी वाळूने बुजते, कधी उघडते. वरचा पूल मात्र तिच्या लहरीची वाट पाहत तेथेच उभा असतो.

त्या किनाऱ्यावरील बहुतेक बेटे उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. सॅनिबल तेवढे पूर्व-पश्चिम वळले आहे, आणि या एका वळणामुळे त्याचे नाव जगभर झाले. आखाताच्या उथळ तळावरून वाहत येणारे शंखशिंपले त्याच्या दक्षिणेकडील अंगावर, सुपात धान्य पडावे तसे येऊन पडतात. भल्या पहाटे ओहोटीच्या वेळी लोक हातात दिवे घेऊन कमरेत वाकून चालू लागतात; या वाकण्याला तिकडे 'सॅनिबलचे वाकणे' असेच नाव पडले आहे. जुनोनिया म्हणून तपकिरी ठिपक्यांचा एक शंख आहे. तो ज्यास सापडतो त्याचे छायाचित्र तेथील वर्तमानपत्रात छापून येते. हे आम्ही वाचून दाखविले तेव्हा सौभाग्यवतींनी आपल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिले व म्हटले, "म्हणजे छायाचित्र माझे यायचे नाही." तेव्हा वहीत आम्ही एक टीप केली: बसण्यास घडीचे लहान स्टूल. दुसरी टीप अशी की, जिवंत प्राणी आत असलेला शंख उचलण्यास १९९५ सालापासून तेथे कायद्याने बंदी आहे. पूजेच्या शंखाविषयी कायद्याचे काय म्हणणे आहे, असा प्रश्न माजघरातून आला. आतला प्राणी आधीच गेला असेल तर हरकत नाही, असे उत्तर आम्ही दिले.

आता महिना कोणता? डिसेंबरपासून एप्रिलपर्यंतचे दिवस सर्वांत गोड. परंतु अमेरिकेच्या उत्तरेकडील थंडीने गारठलेली सधन मंडळी त्याच दिवसांत तेथे उतरतात, व घरांची भाडी त्यांच्या ऐपतीस शोभतील अशी होतात. जूनमध्ये पाऊस लागतो. शिवाय १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम. कधी कधी आखातात एका सूक्ष्म शेवाळाची अशी वाढ होते की पाणी तांबूस होते, मासे मरून किनाऱ्यास लागतात आणि नुसत्या वाऱ्याने माणसाचा घसा धरतो. त्याचा काही ठरलेला महिना नाही. राहता राहिला मे. गर्दी ओसरलेली, भाडी उतरलेली, वादळे अजून निजलेली. आमच्या विद्यापीठाने व अटलांटिक महासागराने आपसांत पत्रव्यवहार करूनच सुटीच्या तारखा ठरविल्या असाव्या, असे आम्हांस वाटले. मे महिन्यात समुद्री कासवांच्या माद्या रात्री अंडी घालण्यास वर येतात. त्यांची वाट चुकू नये म्हणून किनाऱ्याकडचे दिवे मालवावे लागतात. संध्याकाळी सातनंतर वाचनावाचून ज्यांचा जीव तळमळतो, अशा प्राध्यापकांनी याचा विचार आधीच करून ठेवावा.

पंधरा दिवसांची दिनचर्या आखण्यात आमचा सबंध फेब्रुवारी गेला, आणि तो फार आनंदात गेला. पहिला दिवस विश्रांतीचा. दुसरा दीपगृहाचा: बेटाच्या पूर्व टोकाचे हे लोखंडी दीपगृह १८८४ सालचे. तिसरा व चौथा पक्ष्यांसाठी. बेटाचा फार मोठा भाग वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि या रक्षणाचे श्रेय एका व्यंगचित्रकाराकडे जाते, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटली. जे. एन. डार्लिंग हे त्यांचे नाव. वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रांसाठी दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळविणारा हा गृहस्थ कॅप्टिव्हावर हिवाळा काढावयास येई. येथली रानजागा विकली जाणार असे पाहून त्याने खटपट केली, आणि १९४५ साली तेथे अभयारण्य झाले. १९६७ साली त्यास त्याचेच नाव मिळाले. चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी पक्षी, मगरी आणि मैलोगणती खारफुटी. खारफुटीचे चित्र पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे तर आमचे कांदळ!" अभयारण्यातील मोटारीचा रस्ता शुक्रवारी बंद असतो, हेही वहीत तांबड्या शाईने नोंदलेले आहे. एक दिवस फोर्ट मायर्स येथे, एडिसन आणि हेन्री फोर्ड यांची हिवाळ्यात राहण्याची घरे पाहण्यासाठी. तंत्रशास्त्रात आमच्या सौभाग्यवतींना रस नाही. परंतु एडिसनच्या अंगणात आपल्याकडचा वड आहे, तो १९२५ च्या सुमारास लावलेला असून त्याच्या पारंब्यांनी मोठी जागा व्यापली आहे, असे कळताच त्यांनी पंचांग काढले. वटपौर्णिमा जूनमध्ये पडते आणि आम्ही तोवर टॅम्पास असणार, हे पाहून त्यांस समाधान वाटले. अमेरिकेतील एका संशोधकाच्या वडास सूत गुंडाळता येईल किंवा कसे, याची चौकशी करण्याचे काम आमच्याकडे आहे.

येथवर बेत उत्तम चालला होता. पण ताजा कलम राहिला होता. तो असा: "तिथे एक घर आम्ही पाहून ठेवलंय. घ्यावं की नाही, ते तुम्ही आणि आई प्रत्यक्ष पाहून सांगा."

हे घर स्वस्तात मिळत होते, आणि स्वस्ताईचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. २८ सप्टेंबर २०२२ रोजी 'इयन' नावाचे चक्रीवादळ ताशी सुमारे दीडशे मैलांचा वारा घेऊन सॅनिबलच्या वायव्येस कायो कोस्टा या बेटावर आदळले. समुद्र सॅनिबलवर चढला. सखल जागी पाणी पुरुषभर उंचीच्या वर होते. मुख्य भूमीशी बेटास जोडणारा तीन मैलांचा सेतू ठिकठिकाणी तुटला, आणि मोटारीने जाण्यायेण्याची वाट उरली नाही. ज्या दीपगृहासाठी आम्ही वहीत दुसरा दिवस राखला होता, त्याच्या चार पायांपैकी एक लाटांनी नेला. शेजारची दीपरक्षकांची घरे तर समूळ गेली. उरलेल्या तीन पायांवर ते उभे राहिले, व पुढील फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचा दिवा पुन्हा लागला. सेतूची वाट त्यांनी तीन आठवड्यांच्या आत कशीबशी खुली केली, याचे आम्हांस खरोखर कौतुक वाटते. पण २०२४ साली हेलीन आणि मिल्टन ही दोन वादळे दोन आठवड्यांच्या अंतराने त्या बाजूने गेली, आणि दोन्ही वेळा बेटावर पुन्हा पाणी आले.

आम्ही जुने दप्तर चाळले तो तेथेही तेच. एके काळी या बेटावर टोमॅटो व लिंबूवर्गी फळे पिकत. १९२६ च्या वादळात समुद्राचे पाणी शेतांत शिरले, माती खारावली आणि शेती संपली. पुढे १९६३ साली सेतू झाला. त्यामागोमाग घरे बांधून विकणारे आले. तीस हजार घरे उठतील असा जिल्ह्याचा आराखडा तयार झाला. तेव्हा बेटावरच्या लोकांनी १९७४ साली आपली स्वतंत्र नगरपालिका स्थापिली, आणि घरांच्या संख्येस व उंचीस मर्यादा घातली. आजही तेथे गगनचुंबी इमारत नाही, चौकात तांबडा-हिरवा दिवा नाही. हे सर्व वाचून आम्हांस त्या लोकांविषयी आदर वाटला, आणि त्याच वेळी मनात भीतीही उत्पन्न झाली. जागा ओंगळ असती तर मुलीस 'नको' म्हणणे सोपे होते.

जावईबापूंशी दूरध्वनीवर बोलणे झाले. मनुष्य शांत आहे, आणि शांत मनुष्याशी वाद घालणे फार कठीण. ते म्हणाले, घर खांबांवर उचललेले आहे. नव्या नियमांप्रमाणे दुरुस्ती झाली आहे. किंमत पूर्वीपेक्षा बरीच उतरली आहे. आम्ही म्हटले, कर्ज काढून अशा जागी घर घ्यावयाचे तर पुराचा विमा उतरविल्यावाचून गत्यंतर नसते, आणि विम्याचा हप्ता काही उतरलेला नाही. ते म्हणाले, "खरं आहे बाबा." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण आईंचं माहेर तरी काय वेगळं आहे?"

सौभाग्यवतींचे माहेर देवबागचे. मालवण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सांगावयास नको: एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी, आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. आमचे लग्न झाले तेव्हा सासुरवाडीच्या पडवीतून समुद्र दिसत नसे, केवळ ऐकू येई. मध्ये माडांच्या पाच ओळी होत्या. आता दोन आहेत. दगडांचा बंधारा घातलेला आहे, आणि पावसाळ्यात समुद्र त्या दगडांवरून पलीकडे डोकावतो. आमचे मेहुणे सत्तरीचे आहेत. दर ज्येष्ठात आम्ही त्यांस 'काही दिवस इकडे या' असे कळवितो, आणि दर ज्येष्ठात त्यांचे उत्तर येते की, विहिरीचे पाणी अजून गोडे आहे.

जावईबापूंचा प्रश्न ऐकून सौभाग्यवती ताबडतोब काही बोलल्या नाहीत. तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाल्या, "दादा तिथे राहतो तो समुद्र बघायला राहत नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या बेटावर विहिरी आहेत का?" आम्ही वही काढली. बेटाच्या पोटात गोड्या पाण्याची दलदल व एक लहानशी नदी आहे, आणि वाळूच्या अशा बेटावर ही गोष्ट विरळाच; पण पिण्यासाठी मात्र खोल विहिरींतील मचूळ पाणी यंत्राने गाळून गोडे करितात, असे आम्ही सांगितले. "यंत्र बंद पडले म्हणजे?" असे त्या म्हणाल्या. याचे उत्तर आमच्या वहीत नव्हते.

त्या रात्री आम्ही कन्येस चार पानांचे पत्र लिहिले. विद्यार्थ्यांस निबंध कसा लिहावा हे आम्ही तीस वर्षे शिकविले आहे, तेव्हा पत्रात मुद्दे होते, उपमुद्दे होते, १९२१ पासून २०२४ पर्यंतच्या वादळांचा क्रम होता, वाळूच्या स्थलांतराची मीमांसा होती. पत्र झाले तेव्हा ते आम्ही सौभाग्यवतींस वाचून दाखविले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "अहो, यात वादळ फार आहे. घर घेतले की ती परत यायची नाही, एवढेच तुम्हाला म्हणायचे आहे ना? मग तेवढेच लिहा की."

वाचकांपैकी ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांस आमची त्या क्षणीची स्थिती निराळी सांगावी लागणार नाही. कन्या गेली तेव्हा दोन वर्षांसाठी गेली होती. दोनाची चार झाली, चाराची सात. प्रत्येक वेळी कारण रास्त होते, आणि प्रत्येक वेळी 'पुढच्या वर्षी नक्की' हे शब्द होते. माडीवरची तिची खोली आम्ही भाड्याने दिली नाही; तिच्या पुस्तकांवरची धूळ दर रविवारी आम्ही स्वतः झाडतो. भाड्याच्या घरात राहणारा मनुष्य उद्या निघेल अशी आशा ठेविता येते. घर विकत घेतलेल्या माणसाविषयी, मग ते घर वाळूवर का असेना, अशी आशा ठेविता येत नाही. वादळांचा इतका सखोल अभ्यास आम्ही का केला, हे आमच्यापेक्षा आमच्या सौभाग्यवतींस अधिक ठाऊक होते. आणि बेत आखण्याचे काम कन्येने आम्हांस का दिले, हेही आता थोडेसे उमगू लागले आहे. ती जागा आम्ही बारकाईने वाचावी, तिची कासवे, तिचे पक्षी, तिचा वड आमच्या वहीत यावेत, म्हणजे ती जागा आम्हांस अगदी परकी वाटणार नाही, असा तिचा बेत असावा. बेत आखण्याचा गुण तिने बापाकडून उचलला. तडीस नेण्याचा आईकडून.

चार पाने आम्ही फाडली. 'तेवढेच' लिहावयास बसलो, तेही लिहून होईना. शेवटी एवढेच लिहिले की, यंदा उत्तरपत्रिका घेतलेल्या नाहीत, ५ मे रोजी मुंबईहून निघतो. घराविषयी तेथे आल्यावर बोलू. त्याखाली सौभाग्यवतींनी आपल्या हाताने एक ओळ घातली: "त्या घराच्या भिंतीवर इयनचे पाणी कोठवर आले होते, ते नीट मोजून कळव."

आठ दिवसांनी उत्तर आले. घराविषयी त्यात काही नव्हते. बेटावर डोळ्यांस न दिसणारी चिलटे संध्याकाळी फार चावतात, म्हणून लांब बाह्यांचे कपडे आणावे, आणि आईच्या गुडघ्यासाठी घडीचे स्टूल तिकडेच घेऊ, असे होते. शेवटी आईसाठी एक वाक्य: "तू आलीस की आपण दोघी मिळून मोजू."

सामान बांधावयास अद्याप अवकाश आहे. परंतु काल संध्याकाळी आम्ही पाहिले तो सौभाग्यवतींनी शिवणयंत्राच्या खणातील कापड मोजण्याची फीत काढून, गुंडाळून, आपल्या थैलीत घातली होती. ती फीत पाच फुटांची आहे. तेवढी पुरेल काय, हे आम्ही त्यांस अजून विचारलेले नाही.